जमले, पण जमलं का?

उल्पियन या रोमन कायदेपंडिताचं एक वाक्य मी माझ्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलं आहे. दिवसभर त्या काचेवरून भाडेकरार, वाटणीपत्रं, कुलमुखत्यारपत्रं येत-जात असतात. विषय म्हटला तर कोरडा: लॅटिनमधल्या ‘कोन्वेन्तिओ’ या शब्दाचा कायद्यात अर्थ काय घ्यायचा? उल्पियन सांगतो, वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेली माणसं एका ठिकाणी गोळा झाली की ती ‘एकत्र आली’ असं आपण म्हणतो. तसंच मनाच्या वेगवेगळ्या ओढी घेऊन निघालेली माणसं एका गोष्टीवर राजी झाली, एका मताला येऊन मिळाली, की तिथेही तोच शब्द लागतो.

म्हणजे सभा आणि करार, दोन्हींना एकच शब्द. ‘कोन’ म्हणजे सोबत, ‘वेनिरे’ म्हणजे येणं. मराठी माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. चौकात माणसं जमतात आणि लग्नही जमतं. दोन जावांचं जमतं किंवा जमत नाही. ‘उद्या सकाळी जमेल का?’ असं आपण सहज विचारतो. लॅटिनमध्येही याच धातूपासून जुळणारं, शोभणारं, सोयीचं अशा अर्थाचे शब्द झाले. इंग्रजीतला ‘कन्व्हीनियंट’ त्यातलाच. अरबी ‘जमा’शी नातं सांगणाऱ्या आपल्या क्रियापदाने नेमकी तीच वाट धरावी, याचा मला फार आनंद होतो.

पण त्या वाक्यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो ‘वेगवेगळ्या’ हा शब्द. उल्पियनने तो दोनदा वापरला आहे, एकदा ठिकाणांसाठी आणि एकदा मनांसाठी. माणसं आधीपासूनच एका जागी असली तर ती एकत्र येणार कुठून? मनं मुळात एकच असली तर करार कशाचा करायचा? एकमत व्हायचं तर आधी मतं दोन असावी लागतात, आणि दोघांनाही आपापल्या जागेवरून उठून थोडं चालावं लागतं. उल्पियन आजच्या लेबनॉनमधल्या टायर शहरातला. रोममध्ये तो सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख झाला आणि इ.स. 223 च्या सुमारास त्याच दलाच्या सैनिकांनी त्याला ठार मारलं. त्याचं हे वाक्य आपल्यापर्यंत आलं ते सम्राट जस्टिनियनने इ.स. 533 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डायजेस्ट’ या 50 भागांच्या संग्रहामुळे.

या शब्दाचं त्याहून खूप जुनं रूप ब्राँझच्या एका पत्र्यावर कोरलेलं आहे. दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या तिरिओलो गावी 1640 मध्ये हा पत्रा सापडला. आता तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात असतो. त्यावर इसवी सनापूर्वी 186 मधला रोमच्या सिनेटचा हुकूम आहे. झालं होतं असं, की बॅकस या मद्याच्या देवाची रात्रीची पूजा इटलीभर पसरली होती. त्यात बायका होत्या, पुरुष होते, गरीब होते, बडे होते. बंद दाराआड कोण कोणाला भेटतं, काय ठरतं, कोणालाच कळेना. इतिहासकार लिव्ही सांगतो, की या कटात 7,000 हून जास्त बायका-पुरुष सामील असल्याचं बोललं जात होतं. सिनेटने धास्ती घेतली आणि हुकूम काढला.

तो हुकूम नुसत्या पूजेबद्दल असता तर मी त्याच्यात इतकी गुंतले नसते. परवानगीशिवाय पाचांहून अधिक माणसांनी पूजेला जमायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. त्यातही पुरुष दोनच आणि बायका तीनच. इतक्यावर तो थांबत नाही. कोणी आपसात शपथ घ्यायची नाही, मिळून नवस बोलायचा नाही, एकमेकांना हमी द्यायची नाही, मिळून वचन द्यायचं नाही, कोणी कोणाला शब्द द्यायचा नाही. एकामागून एक क्रियापदं येतात आणि बहुतेकांच्या तोंडी ‘सोबत’ सांगणारा तोच उपसर्ग आहे. सत्तेला काय सलत होतं ते यावरून कळतं. माणसं जमली की बोलतात, बोलली की काहीतरी ठरवतात, आणि ठरवलं की एकमेकांना बांधली जातात. शेवटची पायरी बंद करायची तर पहिलीच उखडायला हवी, हे सिनेटला नीट ठाऊक होतं.

आणि हा हुकूम लोकांना कळवायचा कसा, तर पत्र्यावर लिहिलं आहे: ‘कोवेन्तिओनिद’ वाचून दाखवा, म्हणजे लोकांच्या जमावात. तेही एकदा वाचून भागणार नाही. तीन बाजारांचे दिवस जाईपर्यंत तो ऐकवत राहायचा. मग ब्राँझवर कोरून जिथे लोकांना सहज वाचता येईल अशा जागी ठोकायचा. म्हणजे एका जमण्याला बंदी होती, आणि ती बंदी ऐकण्यासाठी दुसरं जमणं सक्तीचं होतं. पहिल्यात माणसं एकमेकांशी बोलायची. दुसऱ्यात त्यांनी नुसतं ऐकायचं होतं.

‘कोवेन्तिओ’ पुढे झिजून ‘कोन्तिओ’ झाला, आणि रोमच्या राजकारणात त्याला फार ठरीव अर्थ आला. कोन्तिओ म्हणजे अधिकाऱ्याने बोलावलेली सभा. साधा नागरिक ती बोलावू शकत नसे. बोलायचं कोणी हेही बोलावणाराच ठरवी. लोक उभे राहून ऐकत. तिथे मतदान होत नसे. त्यासाठी ‘कोमितिया’ नावाची वेगळी सभा असे, आणि तिथेही समोर ठेवलेल्या प्रस्तावाला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असे. इ.स. दुसऱ्या शतकातला लेखक ऑलस गेलियस हा फरक स्वच्छ सांगतो: एकात लोकांना काहीतरी विचारलेलं असतं, दुसऱ्यात लोकांना काहीही न विचारता त्यांच्यापुढे बोललेलं असतं.

त्याच गेलियसने या शब्दाचे तीन अर्थ नोंदवले आहेत. कोन्तिओ म्हणजे जमलेले लोक. कोन्तिओ म्हणजे बोलणारा जिथे उभा राहतो ती उंच जागा. आणि कोन्तिओ म्हणजे ते भाषण. या तीन अर्थांमध्ये मला एका शब्दाची घसरण दिसते. ‘एकत्र येणं’ या अर्थाचा शब्द आधी गर्दीचा झाला, मग व्यासपीठाचा झाला, आणि शेवटी एकट्या माणसाच्या बोलण्याचा. रोमच्या फोरममधल्या त्या व्यासपीठाला ‘रोस्त्रा’ म्हणत, कारण इसवी सनापूर्वी 338 मध्ये अँटियमच्या आरमाराला हरवून आणलेली जहाजांची नाकाडं त्याला लावलेली होती. इसवी सनापूर्वी 63 मध्ये, 3 डिसेंबरला, प्रसिद्ध वक्ता सिसेरो याने सत्ता उलथवायचा कॅटिलिनाचा कट कसा उघडकीला आणला ते लोकांना सांगितलं, तेही अशाच कोन्तिओत. लोक ओरडत, शिट्ट्या मारत, दाद देत. त्या ओरडण्याला वजनही असे, हे कबूल केलं पाहिजे. राजकारणी माणसं गर्दीच्या आवाजावरून वारा ओळखत. पण आवाज होणं वेगळं आणि विचारलं जाणं वेगळं.

आपल्याकडच्या सभांच्या इतिवृत्तांत ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हे शब्द इतक्या वेळा येतात, की लिहिणाऱ्याचा हात आपोआप ते लिहून मोकळा होतो. सूचकाचं नाव असतं, अनुमोदकाचं नाव असतं. त्या ‘सर्वानुमते’च्या आधी कोण काय म्हणालं, कोणाला काय पटलं नव्हतं, कोणी कशावर माघार घेतली, याची ओळ क्वचितच असते. असा कागद हातात आला की मला कोन्तिओ आठवतो.

शब्दाची दुसरी फांदी करारांकडे गेली. जुन्या रोममध्ये वचन देण्याची एक रीत होती, तिला ‘स्तिपुलातिओ’ म्हणत. एकाने विचारायचं: ‘शंभर नाणी द्यायचं वचन देतोस? स्पोन्देस्ने?’ दुसऱ्याने तिथल्या तिथे, त्याच क्रियापदात उत्तर द्यायचं: ‘स्पोन्देओ.’ देतो. झाला करार. ना कागद, ना सही. पण दोघं समोरासमोर पाहिजेत, प्रश्न ऐकू आला पाहिजे, उत्तर ऐकू गेलं पाहिजे. बहिऱ्याला आणि मुक्याला हा करार करता येत नसे, असं गायस नावाच्या कायदेशिक्षकाने इ.स. दुसऱ्या शतकात लिहून ठेवलं आहे. त्याचं पाठ्यपुस्तक शेकडो वर्षं हरवलेलं होतं; 1816 मध्ये व्हेरोनात, खरवडून त्यावर दुसराच मजकूर लिहिलेल्या चर्मपत्रांच्या खालून ते वर आलं.

हाच गायस पुढे सांगतो, की चार व्यवहार मात्र नुसत्या राजीखुशीने होतात: खरेदी-विक्री, भाडं आणि मजुरी, भागीदारी, आणि दुसऱ्याचं काम त्याच्या सांगण्यावरून करणं. यांना ठरावीक शब्द लागत नाहीत. म्हणून ते दूर असलेल्या माणसांमध्येही होऊ शकतात, पत्राने किंवा निरोप्याकरवी. व्यापारी जगाला हे हवंच होतं. अलेक्झांड्रियातल्या माणसाने रोममधल्या माणसाला धान्य विकायचं तर दोघांनी किती वेळा समुद्र ओलांडायचा? ही सूट माणसाच्या बुद्धीची मोठी कमाई आहे असं मी मानते. अंगाने न येताही मनाने येता येतं, हे तिने मान्य केलं.

उल्पियनला हा सगळा इतिहास माहीत होता. म्हणूनच तो पेडियस या आधीच्या पंडिताचं मत कौतुकाने देतो: ज्याच्या पोटात कोन्वेन्तिओ नाही असा कोणताच करार नाही, कोणतंच बंधन नाही. प्रश्नोत्तराचा विधी अगदी शब्दशः पार पडला, पण मनं राजी नसली, तर ते वचन फुकट. पेडियसचं हे म्हणणं वाचताना मला नेहमी वाटतं, की विधी पाळणाऱ्या समाजाने विधीच्या वर माणसाला ठेवल्याचा हा क्षण आहे.

तर कोन्तिओत माणसं राहिली आणि विचारणं गेलं. करारात विचारणं राहिलं आणि माणसांचं येणं गेलं. उल्पियनच्या वाक्यात हे दोन अर्थ शेजारी उभे आहेत, आणि आपल्या काळात त्यांची इतकी ताटातूट झाली आहे, की फोनवरच्या ‘मला मान्य आहे’ या चौकटीवर बोट ठेवताना आपण कुठून निघालो आणि कुठे पोचलो याचा विचारही मनात येत नाही. समोर कोणी नसतं, आणि आपणही तिथे नसतो.

शब्द पुढे बराच हिंडला. त्याचा भाऊ ‘कोन्वेन्तुस’ म्हणजे रोमन सुभेदाराचं फिरतं न्यायालय. गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा, लढाईचा मोसम संपला की सीझर आल्प्सच्या अलीकडे येऊन ही न्यायालयं भरवत असे. पुढे तोच शब्द एकत्र राहणाऱ्या साधू-साध्वींच्या मठाला लागला. जुन्या गोव्यातला सांता मोनिकाचा कॉन्व्हेंट आणि आपल्या गल्लीतल्या शाळेच्या पाटीवरचा ‘कॉन्व्हेंट’ हे दोन्ही त्याचेच वंशज. अमेरिकेची राज्यघटना 1787 मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘कन्व्हेन्शन’मध्ये लिहिली गेली, आणि 1949 ची जिनिव्हा कन्व्हेन्शन्स म्हणजे चार करार. एकीकडे बैठक, दुसरीकडे तह. अजूनही एकच शब्द.

एका अर्थाजवळ मात्र मला थांबायचं आहे. रोममध्ये लग्नाच्या एका प्रकाराला ‘कोन्वेन्तिओ इन मानुम’ म्हणत: नवऱ्याच्या हाताखाली येणं. अशी ‘आलेली’ बायको कायद्याने नवऱ्याच्या मुलीच्या जागी मानली जाई. तिचं माहेरच्या कुळाशी असलेलं कायद्याचं नातं तुटे, आणि त्याबरोबर बापाच्या मिळकतीतला वारसाही. हे तीन मार्गांनी होई: धान्याची भाकरी वाहून दहा साक्षीदारांसमोर केलेल्या विधीने, लटक्या खरेदीने, किंवा नुसतं वर्षभर नवऱ्याच्या घरी सलग राहिल्याने. या तिसऱ्या मार्गाला बारा पट्ट्यांच्या जुन्या कायद्याने एक पळवाट ठेवली होती. बाई दरवर्षी तीन रात्री घराबाहेर राहिली, की वर्ष खंडित होई आणि ती माहेरचीच राही. तीन रात्री. गायसच्या काळापर्यंत हा नियम मागे पडला होता, पण त्याने तो लिहून ठेवला म्हणून आपल्याला कळतो. ‘एकत्र येणं’ या शब्दाच्या पोटात एका बाजूचं सगळं सोडून येणंही किती सहज मावतं, हे इथे दिसतं.

माझ्या कामात हा अर्थ मला हक्कसोडपत्राच्या रूपाने भेटतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला. तरीही वडील गेले की बहिणींना बोलावणं जातं, त्या लातूरहून, नाशिकहून, पुण्याहून येतात, आणि भावांच्या नावे आपला हक्क सोडून जातात. दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन येतं, कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, ओळख पटवणारे दोघं सह्या करतात. ‘वेगवेगळ्या ठिकाणांहून एका ठिकाणी’ ही उल्पियनची अर्धी अट एसटीने पूर्ण होते. उरलेल्या अर्ध्या अटीसाठी टोकनावर जागा नसते.

आपला 1872 चा करार कायदा या बाबतीत उल्पियनचाच नातू आहे. त्याचं कलम 13 एका ओळीचं आहे: दोन किंवा अधिक माणसं एकाच गोष्टीवर एकाच अर्थाने सहमत झाली, तरच त्यांनी संमती दिली असं म्हणायचं. ‘एकाच अर्थाने’ हे दोन शब्द कॉलेजात असताना मला भरतीचे वाटायचे. सगळं कलम त्यांच्यावर उभं आहे हे मला टेबलाच्या या बाजूला बसल्यावर कळलं. मराठेशाहीतल्या महजरांमध्ये, म्हणजे गावसभेच्या निवाडापत्रांमध्ये, आधी हजर असलेल्यांची नावं येतात, मग वादाची हकिकत, मग निवाडा, आणि खाली पाटलाची नांगराची निशाणी, बाकीच्यांच्या आपापल्या निशाण्या. ‘महजर’ हा शब्दही ‘हजर’च्याच घरातला. त्या कागदाला वजन येई ते समोर बसून ऐकलेल्या माणसांमुळे.

मागे एक कुटुंब आलं होतं. दोन भाऊ, तीन बहिणी. मसुदा त्यांनी बाहेरून करून आणला होता. मी फक्त नजर टाकून द्यायची होती. भाऊ घाईत होते, टोकन दुपारचं होतं. थोरली बहीण म्हणाली, “वकीलबाई, जरा मोठ्यानं वाचा. मी चष्मा आणला नाही.”

मी वाचायला लागले. नावं झाली, वंशावळ झाली, गट नंबर झाले. परिशिष्टात शेतीच्या खाली गावातल्या घराची ओळ होती: ग्रामपंचायतीच्या नमुना 8 प्रमाणे मिळकत क्रमांक, चतुःसीमा, ‘वरील घरजागेसह’. तिने हात वर केला.

“घर कशाला त्यात?”

“अक्का, सगळं ठरलंच होतं ना आपलं?” मोठा भाऊ म्हणाला.

“रानाचं ठरलं होतं. घराचं कोण बोललं माझ्याशी?”

भाऊ लबाडी करत होते असं मला वाटलं नाही. त्यांच्या लेखी ‘सगळं’ म्हणजे सगळं होतं. तिच्या लेखी ‘सगळं’ म्हणजे शेत होतं. घर त्यात धरायची गोष्ट आहे हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. पाचही जण तेराव्याला एकाच ओसरीवर बसून ‘हो’ म्हणाले होते, आणि त्या एका ‘हो’चे दोन अर्थ पाच जणांनी आपापल्या घरी नेले होते. कलम 13 इतकं स्पष्ट मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेलं नाही. वाचलं गेलं नसतं तर अंगठा उठला असता, दस्त नोंदला गेला असता, आणि दोन वर्षांनी उतारा बघून ती माहेरी येणं थांबली असती किंवा कोर्टात आली असती.

टोकनाची वेळ निघून गेली. माझ्या ऑफिसात चहा झाला, आवाज चढले, धाकटा भाऊ एकदा बाहेर जाऊन आला. थोरलीला घरातला हिस्सा विकायचा नव्हता, भाड्याचे पैसेही नको होते. नमुना 8 वर आईच्या पश्चात आपलं नाव राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. मोठ्या भावाला भीती जावयाची होती, उद्या त्याने हक्क सांगितला तर काय करायचं याची. ती त्याने पहिल्यांदाच तोंडाने बोलून दाखवली. त्यावर तिने काय उत्तर दिलं ते घरातलं बोलणं आहे, इथे लिहिणार नाही. पण त्यानंतर तो खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसला आणि परिशिष्टातली घराची ओळ त्याने स्वतः खोडली.

नवा मसुदा झाल्यावर ती मंडळी परत आली, तेव्हा वाचायचं काम मोठ्या भावाने केलं. दोन ओळी झाल्यावर तो थांबे आणि तिघींकडे बघे. शेतीच्या परिशिष्टापर्यंत आल्यावर सगळ्यात धाकटी बहीण, जी पहिल्या वेळी एक शब्दही बोलली नव्हती, तिने त्याला थांबवलं आणि सातबारा पुढे केला. विहिरीच्या पट्टीचा गट नंबर चुकला होता.